घरच्या घरी पेट्रोल गाडीचे इंजेक्टर बदलताना

इंजेक्टर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल फवारून देणारा भाग, बदलण्याच्या कामात प्रत्यक्ष इंजेक्टर हा सगळ्यात सोपा भाग आहे. चार कपलर (वायरीचे जोड), दोन-तीन बोल्ट, एक पाइप, एवढाच पसारा. काम बिघडतं ते दोन कारणांनी. एक, पेट्रोलचं प्रेशर पूर्ण न सोडताच पाइप ओढला जातो. दोन, जुनी ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) पुन्हा वापरली जाते किंवा नवी ओ-रिंग बसवताना चिमटते. पेट्रोलची बारीक चिळकांडी तापलेल्या इंजिनावर उडाली की गाडी पेटायला वेळ लागत नाही. म्हणून या लेखात प्रेशर सोडणं, ओ-रिंग आणि गळतीची तपासणी यांवर जास्त भर दिला आहे. बाकीचं काम हात आपोआप शिकतो.

कोणत्या गाडीला हे लागू आहे

ही पद्धत मल्टिपॉइंट पेट्रोल गाड्यांची आहे. अशा इंजिनात इंजेक्टर इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, व्हॉल्व्हच्या आधी पेट्रोल फवारतो. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, सँट्रो, आय१०, टियागो, सिटी या गाड्यांची साधी, टर्बो नसलेली पेट्रोल इंजिनं याच प्रकारातली. सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी म्हणजे रेल, आणि तिच्यातलं प्रेशर साधारण ३ ते ४ बार असतं. घरी हाताळता येईल, पण हलक्यात घेता येणार नाही, इतकं.

मारुतीच्या ड्युअलजेट इंजिनात दर सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण आठ इंजेक्टर असतात. २०२१ ची फेसलिफ्ट स्विफ्ट त्यातलीच. पद्धत तीच, पण ओ-रिंग आणि क्लिप दुप्पट लागतात. सामान आणण्याआधी बॉनेट उघडून इंजेक्टर मोजून घ्या.

डिझेल गाडीचे इंजेक्टर घरी उघडू नका. कॉमन रेल डिझेलमध्ये प्रेशर हजार बारच्या पुढे जातं. त्या प्रेशरची धार कातडी भेदून आत शिरते, आणि जखम वरून टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी ती शस्त्रक्रियेची बाब असते. शिवाय बऱ्याच डिझेल इंजेक्टरचा कोड नंतर ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो. वेन्यू टर्बो किंवा पोलो टीएसआय यांसारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्याही यात धरू नका. त्यांचा इंजेक्टर थेट ज्वलनकक्षात उघडतो, रेलमध्ये शंभर बारपेक्षा जास्त प्रेशर असतं आणि इंजेक्टरच्या टोकाचं टेफ्लॉन सील बसवायला खास हत्यार लागतं.

दोष इंजेक्टरचाच आहे का?

गाडी मिसिंग करते, आयडलिंगला थरथरते, पिकअप गेला, अ‍ॅव्हरेज पडलं. ही सगळी लक्षणं खराब इंजेक्टरची असू शकतात, तशीच खराब प्लगची, कॉइलची, तुंबलेल्या फिल्टरची किंवा व्हॅक्युम गळतीचीही (इनटेकमध्ये बाहेरची हवा शिरण्याची). सोप्या गोष्टी आधी तपासल्या तर निम्म्याहून अधिक वेळा रेलला हात लावायचीच वेळ येत नाही.

२०१३ पासूनच्या भारतीय गाड्यांत ओबीडी-२ सॉकेट असतं, ज्यातून गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचता येतात. साधा ब्लूटूथ स्कॅनर लावून कोड वाचा. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे अनुक्रमे १ ते ४ नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग. पी०२०१ ते पी०२०४ म्हणजे त्या इंजेक्टरच्या वायरिंगमधला दोष. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी०१७२ म्हणजे जास्त. एक नंबरचा सिलिंडर बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाला, म्हणजे बेल्टच्या बाजूला असतो.

समजा पी०३०३ आला. तीन नंबरची इग्निशन कॉइल एक नंबरला लावा, एकची तीनला. कोड पुसून गाडी चालवा. आता पी०३०१ आला तर दोष कॉइलचा. कोड तीनवरच राहिला तर प्लगची अदलाबदल करा. तरीही तीनवरच राहिला की मग इंजेक्टर, त्याची वायर किंवा त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन यांच्याकडे वळायचं.

इंजेक्टर चालतो की नाही हे ऐकूनही कळतं. इंजिन चालू ठेवून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरच्या अंगावर टेकवा आणि मूठ कानाच्या हाडाला लावा. चांगल्या इंजेक्टरची टिकटिक स्पष्ट आणि एकसारखी येते. पंख्यापासून आणि बेल्टपासून बाही लांब ठेवा. टिकटिक अजिबात येत नसेल तर इंजिन बंद करा, कपलर काढा आणि मल्टिमीटरने इंजेक्टरच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. या प्रकारच्या इंजेक्टरला थंड असताना साधारण ११ ते १६ ओहम येतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारही इंजेक्टर एकमेकांच्या जवळपास असले पाहिजेत. तिघं १२ ओहम आणि एक ४० किंवा उघडा (सर्किट तुटलेलं) दाखवत असेल, तर त्या इंजेक्टरच्या आतली कॉइल गेली. तो धुऊन सुधारणार नाही.

रेझिस्टन्स ठीक असेल तर वायर तपासा. इंजेक्टरच्या एका पिनला चावी ऑन असताना बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज येतो आणि दुसऱ्या पिनची अर्थ ईसीयू क्षणाक्षणाला जोडतो-तोडतो. काही गाड्यांत इंजिन फिरत नसेल तर रिले दोन-तीन सेकंदांत बंद होतो, त्यामुळे चावी ऑन केल्या केल्या मोजा. व्होल्टेजच नसेल तर फ्यूज, रिले किंवा तुटलेली वायर शोधा. आपल्याकडे पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि इंजेक्टरच्या बारीक वायरी कुरतडतात. कित्येक ‘खराब’ इंजेक्टर खरं तर उंदराने तोडलेल्या वायरीचे बळी असतात. कपलरपासून मागे, टेप गुंडाळलेल्या भागापर्यंत वायर बोटांनी चाचपून बघा.

गळणारा इंजेक्टर वेगळ्या खुणा देतो. गाडी अर्धा तास उभी राहिल्यावर सुरू करताना खूप सेल्फ मारावा लागतो, सुरू होताच सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो, एकाच सिलिंडरचा प्लग काळा आणि ओला निघतो. ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर गळती बरीच दिवस चालू आहे. अशा वेळी इंजेक्टरबरोबर इंजिन ऑइलही बदलावं लागेल, कारण पेट्रोल मिसळलेलं ऑइल पातळ होऊन बेअरिंग खातं.

धुवायचे की बदलायचे

इंजेक्टरची आतली कॉइल गेली किंवा इंजेक्टर गळतोय तर बदला. नुसता फवारा बिघडला असेल तर आधी धुऊन घ्या. इंजेक्टर उतरवून अल्ट्रासोनिक मशीन आणि फ्लो टेस्ट बेंच असलेल्या गॅरेजमध्ये नेले की चारही इंजेक्टरचा फवारा आणि ठरावीक वेळेत पडणारं पेट्रोल तुमच्यासमोर काचेच्या नळ्यांत मोजून मिळतं. आमचं स्पष्ट मत आहे की कंपनीचे मूळ इंजेक्टर धुऊन, नव्या ओ-रिंग घालून बसवणं हे अनोळखी बनावटीचे नवे बसवण्यापेक्षा बरं.

टोकाच्या छिद्रांत टाचणी, सुई किंवा तार घालू नका. ती छिद्रं केसासारखी बारीक असतात. एकदा कड खरवडली की फवाऱ्याचा कोन कायमचा बिघडतो. इंजेक्टरला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट लावून घरी स्प्रेने धुण्याचे व्हिडिओ बरेच आहेत. त्यात वायर टेकवताना ठिणगी उडते आणि समोर ज्वालाग्राही द्रवाचं धुकं असतं. हे करू नका.

एकच बदलायचा की चारही?

चार सिलिंडरच्या साध्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर चारही सिलिंडरच्या एकत्रित धुराकडे बघतो. कोणत्या सिलिंडरला जास्त पेट्रोल मिळालं हे त्याला कळत नाही, फक्त सरासरी कळते. समजा एकच नवा इंजेक्टर बसवला आणि तो उरलेल्या जुन्या तिघांपेक्षा १२ टक्के जास्त पेट्रोल देतो. सरासरी ३ टक्क्यांनी वाढली, म्हणून ईसीयू सगळ्यांचंच पेट्रोल ३ टक्क्यांनी कापतो. परिणामी तीन सिलिंडरला कमी पेट्रोल आणि एकाला जवळजवळ ९ टक्के जास्त. कोड येत नाही, पण आयडलिंग कधीच सुतासारखं होत नाही.

त्यामुळे जास्त चाललेल्या गाडीत एक बदलायचा असेल तर बाकीचे तीन धुऊन, फ्लो (ठरावीक वेळेत पडणारं पेट्रोल) जुळवून घ्या. ते शक्य नसेल तर चारही एकाच बनावटीचे, एकाच पार्ट नंबरचे घाला.

पार्ट नंबर इंजेक्टरच्या अंगावर कोरलेला असतो. तो पूर्ण जुळला पाहिजे. दिसायला सारखा, कपलरही बसतो, पण फ्लो वेगळा किंवा फवाऱ्याचा कोन वेगळा, असे इंजेक्टर सर्रास मिळतात. दर सिलिंडरला दोन इनटेक व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनात फवारा दोन धारांत फुटलेला असतो. तिथे एका धारेचा इंजेक्टर लावला तर पेट्रोल व्हॉल्व्हवर न पडता मधल्या भिंतीवर पडतं.

ओ-रिंग घेताना ‘व्हिटॉन’ किंवा ‘एफकेएम’ रबराची मागा. साधं नायट्राइल रबर इथेनॉलमध्ये कालांतराने फुगतं आणि कडक होतं. आता पंपांवर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे, आणि १ एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. इथेनॉल टाकीतला जुना मळही सोडवतं, आणि तो इंजेक्टरच्या वरच्या तोंडातल्या बारीक जाळीत येऊन अडकतो. फ्युएल फिल्टर वेगळा बदलता येत असेल तर तोही याच वेळी बदला.

जागा आणि सामान

सोसायटीच्या खालच्या बंद पार्किंगमध्ये हे काम करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते, आणि अशा पार्किंगमध्ये मीटर रूम, पाण्याच्या पंपाचा स्टार्टर, जनरेटर हे सगळं तिथेच असतं. पंपाचा स्टार्टर आपोआप खटकन पडला तरी ठिणगी उडते. उघड्यावर, सावलीत, वारा खेळता असेल अशा जागी गाडी लावा. आगीसाठी किमान २ किलोचं एबीसी पावडर अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकायचं नसतं. उजेडासाठी एलईडी टॉर्च घ्या, बल्बचा होल्डर नको. तो फुटला तर तापलेली तार उघडी पडते.

बाकी सामान असं: ८, १०, १२ आणि १४ मिमी सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, रॅचेट, ५ ते २५ न्यूटन-मीटर वाचणारा टॉर्क पाना, नाकपक्कड, पातळ चपटा स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, नायट्राइल हातमोजे, डोळ्यांना चष्मा, धागे न सुटणारं फडकं, मास्किंग टेप, मार्कर, टायरला हवा मारायचा पंप आणि त्याचं बारीक तोंड. दर इंजेक्टरला वरची आणि खालची ओ-रिंग. काही इंजिनांत खाली ओ-रिंगऐवजी जाड रबरी कुशन किंवा ग्रोमेट असतं, ते. जुन्या क्लिपा वाकल्या असतील तर नव्या. इनटेक मॅनिफोल्डचा वरचा भाग काढावा लागणार असेल तर त्याचं गास्केटही.

प्रेशर सोडणं

हे काम इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी पहिल्यांदाच करायचं. गरम इंजिनवर पेट्रोल तोडून गाडी बंद पाडली तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला इजा करू शकतं. शिवाय नंतर पाइप उघडताना सांडणारं पेट्रोल गरम धातूवर पडतं.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. पेट्रोल टाकीचं झाकण उघडून आतली वाफ सोडा आणि परत लावा. फ्यूज बॉक्समधून फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा. कोणता ते झाकणाच्या आतल्या चित्रावर असतं. आता गाडी सुरू करा. ती काही सेकंद चालेल, गचके खाईल आणि बंद पडेल. त्यानंतर तीन-तीन सेकंदांचा सेल्फ दोन-तीन वेळा मारा. मगच बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि ते चुकून परत टेकणार नाही असं फडक्यात गुंडाळून बाजूला बांधा.

गाडी मुळात सुरूच होत नसेल तर नुसता सेल्फ मारून प्रेशर पूर्ण उतरेलच असं नाही. रेलच्या पाइपाच्या जोडावर जाड फडकं दोनदा गुंडाळा आणि जोड अगदी हळू सैल करा, म्हणजे पेट्रोल फडक्यात जिरेल. प्रेशर सोडलेल्या गाडीतही पाइपात थोडं पेट्रोल उरतंच, त्यामुळे फडकं आणि चष्मा दोन्ही वेळा हवेच.

सीएनजीची गाडी असेल तर आधी सिलिंडरचा हातव्हॉल्व्ह बंद करा. तिथे सीएनजीची वेगळी रेल आणि वेगळे इंजेक्टर असतात, त्यांना हात लावायचा नाही. महिनोन्‌महिने फक्त गॅसवर फिरवलेल्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर आत चिकटून बसतात. अशी गाडी पेट्रोलवर मिसिंग करत असेल तर इंजेक्टर बदलण्याआधी धुऊन बघणं जास्त शहाणपणाचं.

उतरवणं

बॉनेटखाली पहिलं काम साफसफाईचं. इंजेक्टरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या खाचेत, वाळू आणि सुकी पानं साठलेली असतात. इंजेक्टर ओढताच ती थेट भोकात पडतात, भोकाखाली इनटेक व्हॉल्व्ह आणि त्याखाली सिलिंडर. एक कण वाळू व्हॉल्व्हच्या सीटवर अडकली तर कॉम्प्रेशन जातं. म्हणून चष्मा घालून आधी ब्रश, मग पंपाची हवा, मग ओल्या फडक्याने पुसणं. या पायरीला पंधरा मिनिटं द्या.

मग वाटेत येणारे पाइप आणि एअर क्लीनरची नळी काढा. प्रत्येक काढलेल्या नळीचा मोबाइलवर फोटो घ्या. इंजेक्टरच्या कपलरांवर टेप लावून १, २, ३, ४ लिहा. कपलर अदलाबदल झाले तर गाडी सुरू होते, पण चुकीच्या वेळी फवारते आणि दोष शोधताना डोकं पिकतं. कपलरचं लॉक बोटाने दाबून कपलरच्या अंगाला धरून ओढा, वायरीला नाही. जुन्या गाडीत उष्णतेने प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं.

रेलला येणारा पेट्रोलचा पाइप बहुधा क्विक कनेक्टरने जोडलेला असतो. त्याच्या भोवतीची धूळ आधी हवेने उडवा. दोन्ही बाजूंची कानं दाबून, पाइप जरा आत ढकला, थोडा फिरवा आणि मग ओढा. सरळ ताकदीने ओढलं तर कानं तुटतात, आणि तो कनेक्टर सुटा मिळत नाही, अख्खा पाइप घ्यावा लागतो. उघडी पडलेली दोन्ही तोंडं स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकून रबर बँड लावा.

रेलचे बोल्ट एकाआड एक, थोडे थोडे सैल करा. बोल्टच्या खाली स्पेसर असतील तर ते खाली निसटू देऊ नका. आता रेल दोन्ही हातांनी धरून हलकेच डोलवत सरळ वर उचला. अडली तर चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा असतो. इंजेक्टरच्या बुडाशी थोडं ऑइल सोडा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा डोलवा.

रेल बाहेर आली की आधी मॅनिफोल्डची भोकं टॉर्चने बघा. जुनी खालची ओ-रिंग किंवा कुशन कितीदा तरी तिथेच चिकटून राहतं. ते तसंच ठेवून वर नवं घातलं की इंजेक्टर तिरका बसतो. सगळे तुकडे काढले, मोजले, की भोकांत स्वच्छ फडक्याचे बोळे घाला. बोळे चारच, आणि चारही मोजून परत काढायचे.

इंजेक्टर रेलमधून काढायला क्लिप नाकपक्कडीने सरकवा आणि इंजेक्टर हाताने फिरवत ओढा. पक्कड लावायचीच वेळ आली तर धातूच्या मधल्या भागाला, फडकं गुंडाळून. टोकाला किंवा प्लॅस्टिकच्या कपलरला कधीच नाही. रेल उलटी धरण्याआधी खाली भांडं ठेवा, आत अजून थोडं पेट्रोल असतं.

बसवणं

रेलमधले आणि मॅनिफोल्डमधले ओ-रिंग बसायचे कप्पे बोटाने चाचपा. गंज, ओरखडा किंवा जुन्या रबराचा थर असेल तर फडक्याने काढा. सँडपेपर नको. त्याचा ओरखडाच पुढे गळतीची वाट होतो.

नवी ओ-रिंग हाताने चढवा, स्क्रू ड्रायव्हरने ताणून नाही. वरची आणि खालची ओ-रिंग बऱ्याच इंजेक्टरना वेगळ्या मापाची किंवा वेगळ्या रंगाची असते. जुन्याशेजारी ठेवून खात्री करा. चढवल्यावर ती पीळ न पडता खाचेत सपाट बसली पाहिजे. मग तिच्यावर स्वच्छ इंजिन ऑइलचा पातळ हात फिरवा. काही कंपन्या ऑइलऐवजी पेट्रोलचाच हात द्यायला सांगतात, ते मॅन्युअलमध्ये असेल तसं करा. ग्रीस, व्हॅसलीन किंवा सिलिकॉन वापरू नका. सिलिकॉन जळून ऑक्सिजन सेन्सर निकामी करतं. कोरडी ओ-रिंग ढकलली तर ती कडेवर कापली जाते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

आधी चारही इंजेक्टर रेलमध्ये बसवा, कपलरची तोंडं मूळ दिशेला ठेवून क्लिपा लावा. बोळे काढा. मग अख्खी रेल चारही भोकांवर एकाच वेळी टेकवा आणि दोन्ही अंगठ्यांनी समान दाबत सरळ खाली घ्या. इंजेक्टर हलक्या ‘पच्‌’ जाणिवेने बसतो. बोल्ट हाताने चार-पाच आटे फिरवा, पूर्ण आवळू नका.

इथे थांबून एक तपासणी करा, आणि ती कधीही चुकवू नका. प्रत्येक इंजेक्टर बोटांनी डावी-उजवीकडे थोडा फिरवून बघा. तो जरासा दाब देऊन गुळगुळीत फिरला पाहिजे. एखादा अडकत असेल किंवा खडबडीत लागत असेल तर त्याची ओ-रिंग चिमटली आहे. रेल परत काढा आणि त्या इंजेक्टरला दुसरी नवी ओ-रिंग घाला. म्हणूनच सामान घेताना दोन ओ-रिंग जास्तीच्या घ्याव्यात. क्लिपने पक्के धरलेले इंजेक्टर फिरतच नाहीत अशी रचना काही गाड्यांत असते. तिथे रेल आणि मॅनिफोल्ड यांच्यामधलं अंतर सगळीकडे सारखं आहे का हे डोळ्यांनी बघा.

मग बोल्ट टॉर्क पान्याने आवळा. १० मिमी डोक्याचा एम६ बोल्ट असेल तर साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर, १२ मिमी डोक्याचा एम८ असेल तर २० ते २५. तुमच्या इंजिनचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. प्लॅस्टिक मॅनिफोल्डमध्ये आटे पितळी बुशात असतात, आणि जास्त आवळलं की बुशच फिरायला लागतं. पाइप रेलवर टक्‌ आवाज येईपर्यंत ढकला आणि मग एकदा जोराने मागे ओढून बघा. निघाला तर तो लागलाच नव्हता. कपलर नंबराप्रमाणे लावा.

गळतीची तपासणी, इंजिन सुरू करण्याआधी

पंपाचा फ्यूज परत घाला, बॅटरी जोडा. चावी फक्त ऑन करा, सेल्फ मारू नका. पंप दोन-तीन सेकंद घोंघावेल आणि थांबेल. चावी बंद, परत ऑन. असं तीन-चार वेळा केलं की रेलमध्ये पूर्ण प्रेशर येतं. पंपाचा आवाजच आला नाही तर फ्यूज तपासा.

आता टॉर्च आणि कोरडा टिश्यू पेपर घ्या. प्रत्येक इंजेक्टरच्या वरच्या जोडाभोवती आणि पाइपाच्या कनेक्टरभोवती टिश्यू फिरवा. ओला डाग, वास किंवा चकाकणारा थेंब यांपैकी काहीही दिसलं तर चावी बंद, प्रेशर परत सोडा, रेल काढा. ‘रबर बसेल हळूहळू’ म्हणून गाडी सुरू करू नका. पाच मिनिटांनी पुन्हा टिश्यू फिरवा. बारीक गळती उशिरा दिसते.

सगळं कोरडं असेल तरच सेल्फ मारा. रेलमध्ये हवा असल्यामुळे पहिल्यांदा थोडा जास्त वेळ लागेल आणि काही सेकंद इंजिन अडखळेल, ते चालतं. दहा मिनिटं आयडलिंगवर ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तरी जोडांकडे बघत राहायला सांगा, अग्निशामक जवळ ठेवून.

वरची ओ-रिंग आणि खालची ओ-रिंग यांची गळती वेगवेगळी ओळखायची असते. वरची गळली तर पेट्रोल बाहेर येतं. खालची गळली तर पेट्रोल दिसत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. शीळ घातल्यासारखा आवाज, चढं आयडलिंग आणि काही दिवसांनी पी०१७१. अशा वेळी शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनवर कार्ब क्लीनर फवारू नका. पाण्याचे चार थेंब इंजेक्टरच्या बुडाशी सोडा. ते आत खेचले जाऊन आयडलिंग क्षणभर बदललं तर गळती तिथेच.

त्यानंतर

प्रेशर सोडताना गाडी बंद पाडल्यामुळे एखादा कोड साठलेला असेल, तो पुसा. बॅटरी काढल्यामुळे ईसीयूने शिकलेलं जुनं मिश्रण पुसलं जाऊ शकतं, म्हणून पहिले २०-३० किमी गाडी शहरात आणि महामार्गावर मिळून चालवा. मग स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कापतो तो आकडा, वाचा. साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर काम जमलं. ट्रिम उणे १५-२० ला गेली असेल तर इंजेक्टर जास्त फ्लोचे आहेत किंवा एखादा गळतोय. अधिक बाजूला तेवढी गेली तर खालच्या ओ-रिंगकडे परत बघा. काही गाड्यांत खिडक्यांचं ऑटो बटण आणि आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं, पद्धत मालकाच्या पुस्तिकेत असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, बॉनेट उघडून नाक लावा. रबर रात्री थंडीने आकसतं, आणि गरम असताना कोरडा वाटणारा जोड याच वेळी वास देतो. पेट्रोलने भिजलेली फडकी घरात किंवा कचऱ्याच्या बंद डब्यात टाकू नका. उघड्यावर दोरीवर पूर्ण वाळू द्या, जवळपास देवाचा दिवा, शेगडी किंवा बिडी ओढणारं कोणी नसेल अशा जागी.